वर जाणारा ठिपका

आमच्या कंपनीत इंजेक्शनच्या बाटल्या भरतात. भरून बूच लागलं की त्या आमच्या टेबलावर येतात आणि आम्ही बारा बायका एकेक बाटली डोळ्यांनी तपासतो. समोर ट्यूबलाइट, मागे बोर्ड, अर्धा काळा, अर्धा पांढरा. बाटली मानेशी धरायची, हलकी गोल फिरवायची आणि थांबायचं. आपण थांबल्यावरही आत काही फिरत राहिलं तर तो कण, बाटली बाद. काचेवरचा ओरखडा बाटलीबरोबर हलतो आणि बाटलीबरोबरच थांबतो. आणि ठिपका सरळ वर गेला तर तो बुडबुडा. बुडबुड्याकडे बघत बसायचं नाही, सोडून द्यायचं, नाहीतर दिवसाचा माल निघत नाही.

हे मला कंपनीत लागल्यावर पहिल्या आठवड्यात शिकवलं. त्याला अकरा वर्षं झाली. आता बुडबुडा सोडताना मी विचार करत नाही. तो दिसतो आणि दिसत नाही, दोन्ही एकदमच.

माझं शिक्षण सातवी. हिंगोलीकडच्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती, पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात. ओढ्याला पाणी आलं की मुली घरी बसायच्या, आणि एकदा बसल्या की बसल्याच. लग्न होऊन इकडे आले. नवरा टेम्पो चालवतो. मानपाड्याला चाळीत खोली आहे. सुरुवातीला मी तोंडच उघडत नव्हते. 'लई' म्हटलं की शेजारच्या बायका हसायच्या, वाईट मनाने नाही, पण हसायच्या. म्हणून मी कमी बोलायचं आणि जास्त बघायचं ठरवलं.

एका रविवारी सकाळी भाजी आणायला गेलेले. मैदानाच्या कोपऱ्यात तोंडाला काळी काच बसवलेली दुर्बीण लावलेली आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं, 'सूर्यावरचे डाग पाहा.' रांग छोटी होती म्हणून उभी राहिले. दुर्बिणीशेजारी पांढऱ्या मिशांचे एक उंच गृहस्थ होते. प्रत्येकाला विचारत होते, "किती दिसले?" कोणी तीन म्हणत होतं, कोणी चार.

"सात," मी म्हटलं.

"पाच आहेत, ताई."

"सात आहेत. मोठ्याच्या खाली दोन बारीक आहेत, एकमेकांना चिकटून."

त्यांनी स्वतः डोळा लावला. बराच वेळ काढलाच नाही. माझ्यामागचा माणूस म्हणाला, "काका, आमच्यासाठी पण ठेवा थोडा सूर्य."

"सात," ते डोळा न काढताच म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

मी सांगितलं. त्यांनी एक पत्ता लिहून दिला. दर रविवारी दहा वाजता डोंबिवलीतल्या एका शाळेच्या वर्गात त्यांचा हौशी लोकांचा गट जमतो. "आमच्याकडे डोळे कमी पडतात," ते म्हणाले. मला वाटलं नेत्रदानाचं काही असेल. नवरा म्हणाला, "जाऊन तर बघ. मेल्यावरच घेतात ना? मग भ्यायचं काय."

वर्गात पंधराएक माणसं होती, बाकांवर चार लॅपटॉप. मिशीवाल्यांना सगळे सर म्हणत, तशी मीही म्हणायला लागले. आणि एक बाई होत्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि काम समजावलं. परदेशात एका डोंगरावर मोठी दुर्बीण आहे. ती आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने चार फोटो काढते. ते फोटो जगभरच्या हौशी गटांना वाटतात. फोटो उलट्या रंगाचे असतात, आकाश पांढरं आणि तारे काळे ठिपके. ते चार फोटो एकामागून एक पटापट दाखवायचे. तारे जागच्या जागी राहतात. एखादा ठिपका दर फोटोत सारखं पाऊल टाकत सरकला, तर तो लघुग्रह.

"म्हणजे दगड," बाई म्हणाल्या. "काही दगडांच्या वाटा पृथ्वीच्या वाटेजवळून जातात. ते आधीच सापडलेले बरे."

"पण हे तर आमचंच काम आहे," मी म्हटलं.

कंपनीत दर काही महिन्यांनी आमची परीक्षा असते. चांगल्या बाटल्यांत मुद्दाम खराब बाटल्या मिसळून देतात आणि कोणाला किती सापडल्या ते बघतात. म्हणून मी सरांना विचारलं, "यात मुद्दाम टाकलेले किती आहेत?"

"एकही नाही."

"मग बरोबर-चूक कोण सांगणार?"

"उत्तर आम्हालाही माहीत नाही, ताई."

घरी जाताना मी रिक्षात त्याचाच विचार करत होते. ज्या परीक्षेचं उत्तर मास्तरालाही माहीत नाही, तिथे सातवी आणि पंधरावी यांत फरक काय राहतो? हे चांगलं की वाईट, ते काही मला ठरवता आलं नाही. पण पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले.

मला ठिपके सापडायचे. बहुतेक आधीच माहीत असलेले, यादीतले, पण सापडायचे. बाईंनी मला आकडे वाचायला शिकवले. टिंबानंतरचे आकडे 'बारा' असे वाचायचे नाहीत, 'एक, दोन' असे सुटे वाचायचे, हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. त्यांनी मला कधी कमी लेखलं नाही. डब्यात आणलेल्या थालीपिठाचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवायच्या, जशा आपण एकाच वर्गातल्या. हे लिहितानाही मला ते नीट सांगता येत नाही. या गावात मला कामावर घेतलं होतं, खोली दिली होती, पण बोलावलं कोणी नव्हतं. यांनी बोलावलं.

तिथला नियम असा होता की चार फोटोंचा प्रत्येक संच दोघांनी बघायचा, आणि वहीत दोघांच्या सह्या. काही महिन्यांनी सरांनी माझ्यापुरता तो नियम सोडला. संच खूप यायचे, माणसं कमी. "ताईंच्या डोळ्याखालून गेलं म्हणजे गेलं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. मी घरी येऊन नवऱ्याला तीनदा सांगितलं.

मग एका रविवारी कॉलेजची काही मुलं नवीन आली. सर त्यांना फळ्यावर समजावत होते. "बहुतेक लघुग्रह एकाच पट्ट्यात फिरतात. त्यामुळे आपल्या फोटोंत ते आडवे जाताना दिसतील, थोडेफार तिरके. एखादा सरळ उभा जाताना दिसला, वर किंवा खाली, तर ताबडतोब हात वर करा. तो वेगळ्या वाटेचा. आपण मुख्यतः त्यांच्यासाठी बसलोय."

मी मागच्या बाकावर होते. खाली जाणारा तर मला मागे एकदा सापडलेला, त्याबद्दल सगळ्यांनी टाळ्याही वाजवलेल्या. वर जाणारा? वर जाणारा मी कधीच दाखवला नव्हता. इतक्या महिन्यांत एकही नाही. आणि मला आठवलं की एका फोटोत, कोपऱ्यात, एक ठिपका टक टक टक वर गेलेला आणि माझे डोळे त्याच्यावरून पुढे निघून गेलेले. बुडबुडा.

हात वर करायला हवा होता. मी केला नाही.

त्यानंतरचे दोन आठवडे मला काहीच धड कळत नव्हतं. तो ठिपका मी फोटोत पाहिला की बाटलीत? दिवसभर माझ्यासमोर बुडबुडे वर जात असतात. त्यातलाच एखादा रविवारच्या आठवणीत येऊन बसला असेल. बुडबुड्याला चकाकी असते. माझ्या आठवणीतल्या ठिपक्याला चकाकी नव्हती. की मीच ती नंतर पुसली? जितकं आठवायला जावं तितकं ते पुसट. शेवटी तर कोपरा डावा की उजवा, तेही सांगता येईना.

आणि समजा, फोटोत होता. समजा, तो पृथ्वीच्या वाटेजवळून जाणाऱ्यांपैकी होता. मी वहीत सही केलेली, 'काही नाही.' जगात त्या तुकड्याकडे दुसरं कोणी बघितलं असेल, नसेल. त्या आठवड्यात आईचा फोन आला. मी उगाच विचारलं, "तिकडं आभाळ कसं आहे?"

"आभाळाला काय झालं गं? आहे तिथंच आहे. तुला बरं नाही का?"

कंपनीत मी बुडबुड्यांकडे बघत बसायला लागले. फुटेपर्यंत थांबायचे. चांगल्या बाटल्या बाद करायला लागले. सुपरवायझर येऊन म्हणाली, "काय गं, आज काय सगळ्यांनाच घरी पाठवतेस?"

नवऱ्याला मी अर्धंच सांगितलं. की काही दगड धोकादायक म्हणून नोंदवलेले असतात, पण ते पडणारच असं नसतं, फक्त लक्ष ठेवायचं असतं. तो म्हणाला, "म्हणजे चौकीत फोटो लावलेल्यांसारखं. अजून काही केलेलं नाही, पण तोंड ओळखून ठेवायचं."

"आणि चौकीतल्यानेच बघितलं नाही तर?"

तेव्हा त्याने गाडीच्या चाव्या खाली ठेवल्या. "काय केलंस तू?"

मी सगळं सांगितलं. त्याला बुडबुड्याचं कळलं, दगडाचं किती कळलं माहीत नाही. "मग सांग त्यांना," तो म्हणाला.

"सांगितलं तर मला पुन्हा बसवतील का तिथे?"

"नाही बसवलं तर नाही. आधी पण नव्हतीसच की बसत."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि तेच मला नको होतं. पहिल्या रविवारी मी ताप आहे म्हणून कळवलं. ताप नव्हता. दुसऱ्या रविवारी गेले आणि शाळेच्या जिन्यातच बाईंना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलेलं, पाठीवर हात ठेवतील.

"दोन आठवडे काय करत होतीस?" त्या म्हणाल्या.

मी एक पायरी खाली उतरले.

"चूक कोणाचीही होते. पण दोन आठवडे! चल वर."

सरांना मी उभ्यानेच सांगितलं. बाटली, बोर्ड, बुडबुडा, अकरा वर्षं. ते टेबलाच्या कडेला टेकून ऐकत होते. माझं संपलं तरी ते काय विचार करतायत ते मला त्यांच्या तोंडावरून अजिबात वाचता येत नव्हतं. शेवटी मीच विचारलं, "सर, बॅच परत मागवता येते का?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे एक खराब बाटली पुढे गेली असं कळलं, तर सगळी बॅच परत आणतात. पुन्हा पहिल्यापासून तपासतात."

"येते की," सर म्हणाले. "फोटो आहेत आपल्याकडे सगळे." त्यांनी वही उघडली आणि ज्या संचांवर माझी एकटीचीच सही होती त्यांच्यापुढे पेन्सिलीने खुणा करायला घेतल्या. एकतीस निघाले. "या, बसा. वाटून घेऊ."

"मी नाही बसणार."

बाई वैतागल्या. "आता काय झालं?"

"जिने बॅच पास केली, ती बॅच तिला पुन्हा देत नाहीत. तेच डोळे, तीच चूक."

सरांनी मान डोलावली आणि एकतीस संच बाकीच्यांत वाटले. मी मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसले. चार स्क्रीनवर माझे फोटो लुकलुकत होते आणि मी खिडकीकडे तोंड करून होते. नको असूनही कान तिकडेच. कोणी खुर्ची सरकवली तरी मान वळायची, मग मी ती पुन्हा खिडकीकडे न्यायचे. एक मुलगा म्हणाला, "हे बघा, हा काय?" मग म्हणाला, "नाही, नाही, धूळ." मी घामाने भिजलेले. काय मागत होते ते मला तेव्हाही कळत नव्हतं. काही सापडू नये असं वाटत होतं. आणि काहीच सापडलं नाही तर मी दोन आठवडे वेड्यासारखी वागले असं ठरेल, तेही नको होतं.

दुपारचे साडेबारा वाजून गेले असतील. बाई म्हणाल्या, "सर, जरा या."

त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं. सर गेले, वाकले. सगळे गोळा झाले. पावलं मोजली गेली, तिन्ही सारखी. आकार गोल. यादी लावून बघितली. त्या जागी यादीत कोणी नव्हतं.

"ताई, या. बघा."

"माझी बॅच आहे."

"आता बघायला हरकत नाही."

मी गेले. पांढऱ्या आकाशात, बरोबर मधोमध, एक बारीक काळा ठिपका वर चढत होता. चार फोटो संपले की पुन्हा खाली यायचा, पुन्हा चढायचा. सहावीतल्या पोरालाही दिसला असता.

आणि हा तो नव्हता. मला आठवत होता तो कोपऱ्यातला. हा मधोमधचा मी पाहिल्याचं मला अजिबात आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. त्या संचापुढे वहीत माझी सही होती, सात आठवड्यांपूर्वीची. राहिलेले संचही बघून झाले. कोपऱ्यातला कुठेच नव्हता. म्हणजे ज्याच्यासाठी माझी झोप गेली तो बहुतेक बाटलीतलाच होता. आणि जो खरा होता त्याने मला जराही त्रास दिला नव्हता.

मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "हे मला नीट समजलं नाही."

"मलाही नाही," मी म्हटलं.

फोटो पाठवणाऱ्यांना कळवायची मुदत उलटून गेलेली. तरी सरांनी तिथेच बसून अहवाल केला आणि उशीर का झाला तेही लिहिलं. 'गटातली दुहेरी तपासणी मी बंद केली होती,' असं. माझ्या बुडबुड्यांबद्दल एक ओळही नाही. मी म्हटलं, "सर, हे बरोबर नाही. चूक माझी आहे."

"डोळा तुमचा चुकला. नियम मी मोडला. पाठवणारा मी आहे, मी माझं लिहिणार."

अहवालाच्या खाली ज्यांनी पाहिलं त्यांची नावं लिहायची असतात. सरांनी बाईंचं लिहिलं, आणि मग माझं. मी नको नको म्हणत होते. बाई म्हणाल्या, "अगं, तू सांगितलं नसतंस तर मी हा संच उघडला असता का?" मला वाटलं, मी नीट बघितलं असतं तर उघडावाच लागला नसता. पण त्यावर वाद घालायचं बळ माझ्यात नव्हतं. सातवीनंतर माझं नाव कुठल्या कागदावर गेलेलं ते रेशनकार्ड, मतदान आणि कंपनीचा पास. हे चौथं. अभिमान वाटावा की तोंड लपवावं, ते ठरेपर्यंत ते नाव पाठवून झालेलं.

घरी नवरा वाटच बघत होता. "सापडला?"

"सापडला. पण तो नाही, दुसराच."

"कोणाचा दुसरा?"

"राहू दे."

"पडणार आहे?"

"माहीत नाही. एकाच रात्रीच्या चार फोटोंवरून वाट कळत नाही."

उत्तर आलं ते काही दिवसांनी, दोन-तीन ओळींचं. नोंद घेतली आहे. एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. हीच वस्तू पुन्हा कुणाला दिसली तर जोडून बघू. सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं आणि मराठीत सांगितलं. एकाने विचारलं, म्हणजे चांगलं की वाईट? सर म्हणाले, म्हणजे माहीत नाही. वेळेवर कळवलं असतं तर दुसऱ्या रात्री कोणी तिकडे दुर्बीण वळवली असती का, हेही त्यानेच विचारलं. वळवली असती, कदाचित. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, पण म्हणाले. मला ते बरं वाटलं. खोटं सांगितलं असतं तर मी तिथे पुन्हा गेले नसते.

आता प्रत्येक संच दोनदा बघतो, दुसऱ्यांदा फोटो डोकं खाली पाय वर करून. ही सोय मी मागून घेतली. उलटं केलं की वर जाणारा खाली येतो, आणि खाली येणाऱ्याला माझा डोळा सोडत नाही. सगळ्यांनाच तसं करायला लावलंय. माझा संच बघून झाला की मी लॅपटॉप बाईंकडे सरकवते. त्या चष्मा वर करून, सावकाश, मला घाई आहे हे माहीत असूनही सावकाश बघतात. मग वहीत माझ्या नावाखाली सही करतात. ती सही होईपर्यंत मी पुढचा संच उघडत नाही.